पोटभाडेकरू

नारूचा किडा प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. पायविहिरीत उतरायचं, घोटाभर पाण्यात उभं राहून कळशी भरायची आणि तेच पाणी प्यायचं. सुमारे वर्षभराने कुणाच्या तरी पोटरीवर नाहीतर घोट्यावर फोड यायचा. तो फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक डोकवायचं. ते काडीला गुंडाळून रोज बोटभर, दोन बोटं, सहज येईल तेवढंच ओढायचं. किडा दीड-दोन हात लांब, त्यामुळे पुरता निघायला कधीकधी कित्येक आठवडे लागायचे. जाणती माणसं ताकीद द्यायची, हिसका देऊ नका. किडा आत तुटला की पाय टम्म सुजायचा, पू धरायचा, ताप चढायचा आणि माणूस अंथरुणाला खिळायचा.

भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात सापडला, 2000 साली देश नारूमुक्त ठरला. पण त्या वर्णनातली एक गोष्ट मला अजून चक्रावते. एवढा लांब किडा कातडीखालून वर्षभर फिरत होता, तेव्हा शरीराने हूं की चूं केलं नाही. बोटात बारीकसा काटा मोडला तरी दुसऱ्या दिवशी ठणका लागतो. मग इथे पहारेकरी कुठे गेले होते? आणि किडा तुटताच तेच पहारेकरी एकदम गाव डोक्यावर कसे घेतात? शिवाय नारू एकदा झाला म्हणून पुन्हा चुकत नसे. गोवर येऊन गेला की जन्माची सुटका होते, तसं काही इथे नव्हतं.

या कोड्याचं उत्तर नारूपुरतं नाही. पोटातले जंत, हत्तीरोगाचे कृमी, रक्तवाहिन्यांत राहणारे चपटे कृमी या सगळ्यांशी आपलं शरीर एकाच तऱ्हेने वागतं. पूर्ण हाकलता येत नाही आणि मारायला जावं तर आपलंच घर मोडतं, म्हणून ते एक प्रकारचा करार करतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने परस्पर ठेवून घेतलेल्या माणसाला आपल्याकडे पोटभाडेकरू म्हणतात. शब्द कोर्टकचेरीतला आहे, पण जंतांना तो अगदी शब्दशः लागू पडतो.

आधी आकाराचा हिशेब करू. जिवाणू आत शिरला की पांढरी पेशी त्याला चक्क गिळते. ती पेशी साधारण 12 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे घास बेताचाच. आता आतड्यातला गोल जंत घ्या. मादी 20 ते 35 सेंटिमीटर भरते. ती पेशी माणसाएवढी झाली असं समजलं, तर त्या प्रमाणात जंत सीएसएमटीपासून ठाण्यापर्यंत पसरलेला असेल, आणि तोही वळवळता. गिळणं तर सोडाच, त्याचं दुसरं टोक कुठे आहे हेही पेशीला कळायचं नाही.

दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे. जिवाणू काही तासांत दुपटी-चौपटीने वाढतात. त्यांना आज सोडलं तर उद्या ते तुम्हाला सोडणार नाहीत. बहुतेक जंत मात्र आपल्या शरीरात वाढतच नाहीत. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, पण ती सगळी विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि मातीत काही आठवडे राहिल्याशिवाय पिकत नाहीत. पोटात दहा जंत असतील तर दहा अंडी कधी ना कधी तोंडावाटे गेलेली असतात. जंतांचा आकडा असा आपोआप फुगत नसल्यामुळे शरीराला सबुरी परवडते. दोन-चार जंत पोसण्याचा खर्च आतडं जाळून त्यांना मारण्याच्या खर्चापेक्षा कमी पडतो.

म्हणजे शरीर काहीच करत नाही असं नाही. गोल जंताचं अंडं फुटलं की अळी थेट आतड्यात ठाण मांडत नाही. ती आतड्याची भिंत भेदून रक्तात उतरते, यकृतातून फुफ्फुसात जाते, श्वासनलिकेतून घशापर्यंत चढते आणि थुंकीबरोबर गिळली जाऊन पुन्हा आतड्यात येते. निघाली तिथेच परतायचं होतं, तर ही सगळी प्रदक्षिणा कशाला, असं आपल्याला वाटतं. 1922 साली शिमेसू कोइनो या जपानी डॉक्टरने खात्री करून घ्यायला स्वतःच 2000 अंडी गिळली. काही दिवसांनी त्याला न्यूमोनियासारखा आजार झाला आणि त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या. तो आजार निम्मा अळ्यांचा होता आणि निम्मा त्यांच्यावर धावून आलेल्या पेशींचा.

आतड्यात पहिली हाळी देतात त्या टफ्ट पेशी. टफ्ट म्हणजे झुपका. टोकाला बारीक केसांचा झुपका असलेल्या या पेशी शास्त्रज्ञांना कित्येक दशकं दिसत होत्या, पण त्या करतात काय हे कळत नव्हतं. 2016 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडा झाला की त्या जंतांची चाहूल घेतात आणि इंटरल्यूकिन-25 नावाचा रासायनिक निरोप सोडतात. निरोप मिळताच शेजारच्या पेशी इंटरल्यूकिन-13 सोडतात, आणि मग आतडं आपलं रूपच पालटतं. श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी वाढतात, अस्तर बुळबुळीत होतं, पाणी सुटतं, आतड्याचे स्नायू जोराने आवळू लागतात. अस्तराच्या पेशी एरवीपेक्षा लवकर गळून पडतात, त्यामुळे जंताला धरायला भक्कम जागा राहत नाही. मोरीत शेवाळ धरलं की आपण पाणी ओतून खराटा मारतो, शरीराचीही तीच तऱ्हा. जंत मेला नाही तरी चालेल, वाहून गेला म्हणजे झालं. उंदीर या उपायाने काही जातींचे जंत दहा-बारा दिवसांत बाहेर काढतो. माणसाला ते इतकं साधत नाही.

खराट्याबरोबर दुसरी फौजही निघते, आणि तिची नोंद तुमच्या घरातल्या एखाद्या सीबीसीच्या रिपोर्टात असेल. ‘इओसिनोफिल’ ही ओळ पाहा. एरवी पाच-सहा टक्क्यांच्या आत असणारा हा आकडा कधीकधी पंधरा-वीसवर जातो आणि डॉक्टर विचारतात, ‘दमा? अॅलर्जी? जंतांचं औषध कधी घेतलं होतं?’ सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी चुकायची नाही. आत चष्म्याच्या दोन काचांसारखी दोन पाळ्यांची जांभळी गाठ आणि भोवती नारिंगी-गुलाबी दाणे ठासून भरलेले, बुंदीचा लाडूच जणू. पॉल एर्लिख यांनी 1879 मध्ये इओसिन हा तांबूस रंग वापरून ती वेगळी ओळखली, म्हणून तिचं नाव इओसिनोफिल. त्या दाण्यांत दाहक प्रथिनं असतात. पेशी अळीच्या अंगाला चिकटते आणि दाणे तिच्यावर रिकामे करते. गिळता येत नाही ना, मग तेजाब ओता. हे तेजाब शेजारच्या आपल्याच पेशींवरही उडतं, म्हणून ही फौज फार काळ रस्त्यावर ठेवणं धोक्याचं असतं.

पण कुणावर ओतायचं हे तिला दाखवावं लागतं. त्या खुणेच्या चिठ्ठ्या म्हणजे प्रतिपिंडं, आणि जंतांच्या बाबतीत त्यांतलं मुख्य आयजीई. रक्तात ते इतकं थोडं असतं की इतर सगळी प्रतिपिंडं सापडल्यावर शेवटी, 1966 च्या सुमारास, किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याच्या हाती लागलं. आयजीई मास्ट नावाच्या पहारेकरी पेशींवर चढून बसतं. ओळखीचा तुकडा दिसला की मास्ट पेशी फुटते, हिस्टामिन नावाचं रसायन सांडतं, खाज सुटते, पाणी येतं, नळ्या आवळतात. वाचताना ओळखीचं वाटलं असेल, कारण शिंका, पित्ताच्या गांधी आणि दमा यांचीही यंत्रणा हीच आहे. जंतांसाठी घासून ठेवलेलं हत्यार परागकणांवर आणि धुळीतल्या किड्यांवर चालवलं जातं, त्याला आपण अॅलर्जी म्हणतो.

आयजीईचा माणसाला खरंच उपयोग होतो का? 1991 मध्ये गांबियात झालेल्या अभ्यासात असं दिसलं की औषधाने बरे झालेल्यांपैकी ज्यांच्या रक्तात चपट्या कृमीविरुद्धचं आयजीई जास्त, त्यांना पुन्हा लागण कमी होते. ही मजल लहान मुलांना गाठता येत नाही, त्यासाठी वर्षानुवर्षांचा सहवास लागतो. आणि ज्यांच्यात आयजीजी-4 नावाचं दुसरं प्रतिपिंड जास्त, त्यांना लागण पुन्हा सहज होते. हे आयजीजी-4 मोठं मजेशीर आहे. ते त्याच तुकड्यांना जाऊन चिकटतं, पण कुणालाच हाळी देत नाही. लग्नात पहिल्या रांगेतल्या खुर्च्या अडवून बसलेल्या, पण कामाला हात न लावणाऱ्या पाहुण्यांसारखं. आयजीईला बसायला जागाच उरत नाही. हा मऊपणा शरीराने स्वतःहून पत्करलेला असतो, पण जंत त्याला खतपाणी घालतो.

खतपाणी घालण्यात जंत पटाईत असतात. चपट्या कृमींच्या आजाराची महाराष्ट्रातली जुनी नोंद आहे ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावची. 1952 मध्ये तिथल्या लोकांच्या लघवीत या कृमींची अंडी सापडली. हे कृमी जगात कोट्यवधी लोकांच्या रक्तवाहिन्यांत राहतात. म्हणजे जिथून पांढऱ्या पेशींची गस्त दिवसरात्र चालू असते त्याच हमरस्त्यावर त्यांचं बिऱ्हाड, आणि तेही वर्षानुवर्षं. कसं जमतं? 1969 मध्ये स्मिथर्स आणि टेरी या संशोधकांनी उंदरात वाढलेले कृमी काढून माकडांत सोडले. साध्या माकडांत ते जगले. उंदराच्या रक्ताविरुद्ध आधीच लस टोचलेल्या माकडांत मात्र मेले. याचा अर्थ कृमी अंगावर उंदराच्याच रेणूंचा अंगरखा घालून आले होते. माणसात राहणारा कृमी तर यजमानाच्या रक्तगटाचे रेणूसुद्धा पांघरतो. ए गटाच्या माणसात तो ए गटाचा! घरमालकाचाच सदरा घालून फिरणाऱ्याला रखवालदार हटकणार कसा?

त्याची अंडी मात्र असं वेषांतर करत नाहीत, आणि खरा आजार त्यांच्यामुळेच होतो. मूत्राशयात किंवा यकृतात अडकलेल्या प्रत्येक अंड्याभोवती पेशी गाठ बांधतात. ही गाठ बांधली नाही तर अंड्यातलं विष यकृत नासवतं, आणि बांधली तर कालांतराने तिथे वण धरून अवयव निबर होतो. वर कडी अशी की अंड्याला बाहेर पडायलाही हीच धुमश्चक्री उपयोगी पडते. केनियात एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांत अंडी बाहेर कमी पडताना आढळली. म्हणजे आपली फौज ज्याला मारायला निघाली त्याच्याच पोरांना वेशीबाहेर सोडून येते.

काही जंत खोट्या किल्ल्याही बाळगतात. आपल्या शरीरात टीजीएफ-बीटा नावाचा रेणू ‘आता शांत व्हा’ हा हुकूम पोचवतो आणि त्यातून लढाई आवरणाऱ्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) तयार होतात. उंदराच्या आतड्यात राहणाऱ्या एका जंताने याच कुलुपाला लागणारं प्रथिन तयार केलं आहे. घडणीत ते मूळ किल्लीसारखं मुळीच नाही, तरी कुलूप उघडतं. या आवरणाऱ्या टी पेशी आणि त्यांच्याकडून येणारं इंटरल्यूकिन-10 मिळून कराराची अंमलबजावणी करतात.

करार मोडला तर काय होतं हे विदर्भातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. हत्तीरोगाच्या तपासणीचं पथक गावात रात्री येतं, कारण त्याच्या कृमींची पिल्लं रात्रीच बाहेरच्या रक्तात उतरतात, डास चावण्याच्या वेळेला. झोपेतून उठवून बोट टोचून घ्यायला लोक कुरकुरतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही, कारण ज्यांच्या रक्तात पिल्लं खच्चून भरलेली असतात ती माणसं बहुधा ठणठणीत दिसतात. त्यांच्यात इंटरल्यूकिन-10 आणि आयजीजी-4 भरपूर, म्हणजे करार शाबूत. उलट ज्यांचा पाय सुजून खांबासारखा झाला आहे त्यांच्या रक्तात बरेचदा एकही पिल्लू सापडत नाही. त्यांच्या शरीराने लढायचं ठरवलं, आणि लढाई लसीकावाहिन्यांत, म्हणजे पेशींभोवतीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत झाली. मेलेल्या कृमीच्या अंगातून वोल्बाकिया नावाचे जिवाणूही सांडतात, त्याने आग आणखी भडकते. पुढे सुजलेल्या पायाच्या भेगांतून साधे जिवाणू शिरतात आणि सूज वाढवत नेतात. म्हणूनच पाय रोज साबणाने धुवून कोरडा ठेवा हा सल्ला दिसायला किरकोळ असला तरी औषधाइतकाच कामाचा आहे.

याच कृमीविरुद्ध काही थोड्या लोकांचं शरीर पार बिथरतं. पिल्लं रक्तात टिकत नाहीत, फुफ्फुसात गाळली जातात, रात्री खोकल्याची उबळ येते, छातीत सूं-सूं वाजतं, इओसिनोफिल हजारोंनी वाढतात. 1940 मध्ये आंध्रातल्या मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण क्षयापासून वेगळे काढले. हत्तीरोगाच्या गोळ्यांनी ते बरे होतात. कृमी एकच, पण एकाला काहीच होत नाही, दुसऱ्याचा पाय सुजतो आणि तिसऱ्याला दम लागतो. हा फरक त्या त्या माणसाच्या प्रतिकारशक्तीचा.

एक अपवाद इथे सांगायलाच हवा, कारण तो जिवावर बेततो. स्ट्राँगिलॉइडिस हा बारीक कृमी शरीराबाहेर न जाता आतल्या आत पिढ्या वाढवू शकतो. निरोगी माणसात तो दशकानुदशकं दबून राहतो. मग एखाद्या आजारात भरपूर स्टेरॉइड दिली जातात, पहारा उठतो, आणि अळ्या आतड्यातले जिवाणू अंगाला लावून सर्वांगात पसरतात. कोविडच्या काळात स्टेरॉइडचा वापर वाढला तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना याची नव्याने आठवण करून द्यावी लागली.

आता प्रश्न येतो, जंत असणं चांगलं की काय? 1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी 1958 साली जन्मलेल्या 17,414 ब्रिटिश मुलांची माहिती चाळली. मोठी भावंडं जास्त असलेल्यांना परागज्वर कमी होता. अति स्वच्छतेने अॅलर्जी वाढते, ही कल्पना तिथून निघाली आणि जंतांवर येऊन टेकली. मध्य आफ्रिकेतल्या गॅबनमध्ये चपटे कृमी असलेल्या मुलांची कातडी धुळीतल्या किड्यांच्या चाचणीला कमी प्रतिसाद देत होती. अर्जेंटिनात मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या ज्या 12 रुग्णांना जंत होते, त्यांचा आजार संथ चालला होता, आणि नंतर त्यांतल्या चौघांना जंतांचं औषध दिल्यावर झटके परत आले. मग डुकरातल्या जंताची अंडी रुग्णांना मुद्दाम पाजण्याचे प्रयोग झाले. सुरुवातीला मोठी आशा वाटली, पण 2013 मध्ये आतड्याच्या क्रोन्स आजाराच्या मोठ्या चाचणीत ती अंडी खोट्या औषधाइतकीच निरुपयोगी ठरली.

माझं मत विचाराल तर ‘जंत पाळा’ म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. सगळे जंत एका माळेचे मणीही नाहीत. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर आकडेकृमी असलेल्यांत दमा कमी आढळला, तर गोल जंत असलेल्यांत थोडा जास्त. त्याचं एक कारण पटण्यासारखं आहे. गोल जंताचं एक प्रथिन झुरळ आणि धुळीतले किडे यांच्यातल्या प्रथिनासारखं दिसतं, त्यामुळे एकावरचा राग दुसऱ्यावर निघतो. शिवाय कराराचं भाडं शरीर भरतच असतं. एक आकडेकृमी दिवसाला फार तर काही थेंब रक्त पितो, पण शंभर-दोनशे आकडे आतड्याला लटकले आणि ते आतडं आधीच लोह कमी असलेल्या मुलीचं किंवा बाळंतिणीचं असलं, की तिचं हिमोग्लोबिन ढासळायला वेळ लागत नाही.

दहा फेब्रुवारी आणि दहा ऑगस्टला शाळा-अंगणवाड्यांत 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतात ती याचसाठी. ही गोळी प्रतिकारशक्तीला हातही लावत नाही. जंताच्या पेशींतल्या नळकांड्या मोडते, मग त्याला साखर ओढून घेता येत नाही. अनेक घरांत अजून बाळाला वावडिंगाचं पाणी देतात, आणि ‘गोड खाल्लं म्हणून जंत झाले’ हे तर प्रत्येकाने ऐकलं आहे. गोडाने जंत होत नाहीत, मातीतल्या अंड्यांनी होतात. गोळी दर सहा महिन्यांनी का, याचं उत्तर वर येऊन गेलंच, करार करणारं शरीर त्या लढाईतून धडा घेत नाही. चेन्नईच्या उत्तरेला पुलिकत सरोवराकाठच्या कोळी वस्तीत ऐंशीच्या दशकात असं दिसलं की औषधानंतर ज्यांच्या पोटी पुन्हा सर्वांत जास्त जंत साठले ते बरेचसे आधीचेच लोक होते. सवयी, अंगण आणि रक्तातला वारसा, तिन्ही त्यात आले.

मग लस का नाही? एक झाली होती. आकडेकृमीची अळी कातडीत शिरताना जे प्रथिन सोडते तेच लसीत घातलं. अमेरिकेतल्या लोकांना ती सोसली. ब्राझीलमध्ये जिथे आकडेकृमी घरोघरी, तिथे मात्र टोचल्याबरोबर काही जणांच्या अंगावर गांधी उठल्या. त्यांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्धचं आयजीई आधीपासून तयार बसलं होतं, आणि सुईने कराराची जुनी जखम उघडली. चाचणी थांबवावी लागली. तेव्हापासून संशोधकांनी लसीसाठी शरीराने कधी पाहिलंच नाही असं प्रथिन निवडायला सुरुवात केली, जंताच्या स्वतःच्या आतड्यातलं, प्यायलेलं रक्त पचवणारं. ते बाहेर कधी येतच नाही, त्यामुळे त्याच्याशी शरीराचं जुनं भांडण नाही. लसीने तयार झालेली प्रतिपिंडं आपल्या रक्तात हिंडत राहतील आणि आकडेकृमी रक्ताचा घोट घेईल तेव्हा त्या घोटाबरोबरच त्याच्या पोटात उतरतील.